खराब पट्ट्यांची माळ

मी एक जुनी पॉवर प्रेस आहे. साठ टनांची. म्हणजे माझ्या एका ठोक्यात साठ टनांचे बळ होते. माझे वजन तेवढे नाही. बाईमाणसाला वजन विचारू नये म्हणतात, तेव्हा ते गुलदस्त्यातच राहू द्या.

आज मी एका कामगार-शाळेच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली उभी आहे. माझी मोटार काढून नेली, पट्टा काढून नेला. आठवणी मात्र कुणाला काढून नेता आल्या नाहीत. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. तिच्यात मार आहे, रक्त आहे. ज्याला ऐकवत नसेल त्याने खुशाल बाहेर खेळायला जावे. बाकीच्यांनी जरा जवळ सरका.

माझा जन्मच मारझोडीत झाला. ओतशाळेत उकळते लोखंड वाळूच्या साच्यात ओतले. ते थंड झाल्यावर चार जणांनी घणाने साचा फोडून मला बाहेर काढले. मग छिन्न्या आल्या. अंगावरचे नको ते सगळे ठोकून ठोकून उडवले. मग सहा दिवस मला घासले, तासले, भोके पाडली. जन्मताच इतका मार खाल्लेल्याने पुढे आयुष्यभर दुसऱ्यांना मारले, तर त्यात नवल ते काय? हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. जसे होते तसे सांगते.

मला घेतले एका बिजागऱ्यांच्या कारखान्याने. दाराला लागते ती बिजागरी तुम्ही पाहिलीच असेल. तिच्या दोन पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीला स्क्रूसाठी तीन भोके. ती भोके पाडणे हे माझे काम. चिमट्याने कोरी पट्टी माझ्या जबड्यात ठेवायची, आतल्या एका लहानशा खुंटीला टेकवायची आणि पायाने पॅडल दाबायचे. वरून पंच, म्हणजे भोके पाडणारे पोलादी दांडे, उतरायचे. धाड्! चिमट्याने पट्टी काढायची, दुसरी ठेवायची. पुन्हा धाड्! दिवसाला दोन हजार वेळा.

माझ्या ठोक्याने जमीन हादरे. कपाटावरचे चहाचे पेले एकमेकांवर आपटत. कारखान्यातली मांजर मी आल्या दिवशी जी पळाली ती परत फिरकली नाही. सगळे मला कैदाशीण म्हणू लागले. ते नाव मला आवडत असे, खोटे कशाला बोलू? पाहुणे आले की मालक माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणत, "ही आहे म्हणून आपण आहोत!" तेव्हा मला चालवणारा माणूस तरणाताठा होता. रोज सकाळी तो तेलाच्या फडक्याने माझा जबडा पुसायचा आणि मगच हात लावायचा. पुढे तो मुकादम झाला. मग त्याला माझ्याकडे बघायला वेळ उरला नाही आणि त्याच्या जागी आलेल्यांना कुणी फडके दिले नाही.

दहाव्या वर्षी की अकराव्या, नेमके आठवत नाही, पण पट्ट्या खराब निघू लागल्या. भोक कडेकडे सरकलेले. दहा नीट निघायच्या, मग तीन वाकड्या, मग पुन्हा वीस नीट. सरासरीने सातात एक खराब. मालक मुकादमावर ओरडत आणि मुकादम कामगारांवर. पाणी जाते उताराकडे आणि शिवी जाते खालच्याकडे. मुकादमाचा आवाज असा होता की त्याला सगळे तोफखाना म्हणत. त्याच्या मते कारण एकच होते.

"हात!" तो गरजायचा. "यंत्र तेच, पट्टी तीच, साचा तोच. बदलतात ते तुमचे हात. हातात जीव नाही तुमच्या!"

आणि मग त्याने माळ काढली.

खराब पट्ट्या तारेत ओवायच्या आणि ज्याच्या हातून सगळ्यांत जास्त खराब निघाल्या, त्याने ती माळ दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत गळ्यात घालून काम करायचे. चाळीस-पन्नास पट्ट्यांची ती माळ तीन किलोंची तरी असेल. पट्ट्यांच्या कडा घासलेल्या नसत. पट्टी ठेवायला माणूस वाकला की त्या मानेवर फिरत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॉलरवर लाल रेघ उमटे. वर सोबत्यांची थट्टा असायचीच. "काय नवरदेव, पडली का माळ?" हसणारा मात्र हळूच आपलीच टोपली चाचपून बघे, कारण उद्याची माळ कुणाची, हे कुणालाच माहीत नसायचे.

माझ्यावर पाळीपाळीने सहा जण काम करत. त्यांत अक्का होती आणि तिचा धाकटा भाऊ. अक्का चाळिशीची, उंच, चिमट्यासारखी सडसडीत. जीभही चिमट्यासारखीच, धरले की सोडायची नाही. आईवडील गेले तेव्हा धाकटा पाच वर्षांचा होता, तो तिने वाढवला. आता तो चोविशीचा झाला होता तरी ती त्याचा डबा उघडून आधी बघायची, त्याने भाजी टाकली का म्हणून. तो हळवा, हसरा, कामात मन लावणारा. पण माळ लागोपाठ तीन दिवस त्याच्याच गळ्यात पडली.

तिसऱ्या दिवशी त्याने ती काढून माझ्या पायाशी ठेवली. म्हणाला, "मुकादम, मान सोलली हो. अर्धा तास फक्त."

मुकादमाने त्याच्या थोबाडीत मारली. अशी मारली की धाकट्याचे डोके माझ्या खांबावर आपटले आणि त्याची भुवई फुटली. माझ्या हिरव्या रंगावरून रक्ताचा ओघळ खाली आला. अक्का आपल्या टेबलावरून उठली आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"मुकादम, हात आवरा. पुन्हा उचललात, तर तो हात खांद्यापासून शोधत बसावा लागेल तुम्हांला."

"मग भावाला शिकव ना, अक्काबाई! तुझ्या गळ्यात कधी पडत नाही माळ. तुला जमतं, त्याला का नाही? हात नीट चालव म्हणावं!"

अक्काने मान खाली घातली. मला ठाऊक होते ती का घातली ते. तिच्या हातूनही सातात एकच खराब निघत असे. फरक इतकाच की ती पट्टी तिच्या टोपलीत कधी दिसत नसे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर असताना, तिने धाकट्याला माझ्यासमोर बसवले.

"हे बघ. भोक सरकलेली पट्टी परत आत घालायची. पण खुंटीला टेकवायची नाही, जरा अलीकडे धरायची. मग परत ठोका. भोक रुंद होतं. मुकादम तपासतो काय? स्क्रू आत जातो का, एवढंच. जातो की!"

"पण अक्का, अशी धरली तर चिमट्यातून निसटते ती."

"चिमटा ठेव बाजूला. बोटांनी धर, अशी, कडेला. बोटं पंचापासून एक पेर लांब. किती?"

"एक पेर."

"आणि लक्ष दुसरीकडे न्यायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. वर्षभर करतेय मी. काही होत नाही."

मित्रांनो, मला जीभ असती तर मी तेव्हा ओरडले असते. मला जीभ नव्हती, फक्त जबडा होता.

धाकट्याच्या गळ्यातली माळ थांबली. मुकादम खूश झाला. "बघा, एका थोबाडीत हात सरळ झाला!" तो मालकांना सांगत सुटला. तेव्हापासून दुसऱ्या कामगारांवरही त्याचा हात उठू लागला. इकडे बिजागऱ्यांची खोकी गिऱ्हाइकांकडून परत येऊ लागली. रुंद भोकात स्क्रू हलायचा, दारे झुकायची. परत आलेली खोकी भिंतीशी रचत रचत खिडकीपर्यंत पोचली. ती पाहून मुकादम आणखी ओरडू लागला.

तो दिवस मी विसरणार नाही. दुपारची वेळ होती, मागणी मोठी होती. धाकट्याने आठ खराब पट्ट्या मांडीखाली लपवून ठेवल्या होत्या. मुकादमाची पाठ फिरली की एक एक काढून पुन्हा ठोकायचा. पाच झाल्या. सहावी त्याने बोटांनी धरली, तेवढ्यात मागे मुकादम कुणावर तरी कडाडला. धाकट्याने दचकून मागे पाहिले. पाय पॅडलवर होता. तो दबला.

धाड्.

लोखंड कुठे संपते आणि हाड कुठे सुरू होते, हे मला कळत नाही. साठ टनांना ते कळायचे कसे? उजव्या हाताची मधली तीन बोटे माझ्या जबड्यात होती.  धाकटा आपल्या हाताकडे बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता. मग तो जो ओरडला, त्या आवाजापुढे माझ्या सगळ्या आयुष्यातले ठोके फिके पडले. अक्का टेबल उलथवून धावत आली. दोघांनी माझे जड चाक हाताने उलटे फिरवले, तेव्हा कुठे जबडा उघडला. तिने कमरेचा फडका सोडून त्याचा हात गुंडाळला. फडका लगेच भिजला. तिने दुसऱ्याच्या अंगातला शर्ट ओढून फाडला आणि तो गुंडाळला. गाडी आली, दोघे त्याला उचलून घेऊन गेले. गाडीत जागा नव्हती, म्हणून अक्का मागे राहिली.

गाडी फाटकाबाहेर गेली तशी ती वळली. भिंतीशी घण होता. तो तिने उचलला.

पहिला घाव माझ्या खांद्यावर बसला. टवका उडाला. दुसरा पॅडलवर बसला, ते वाकले. तिसरा खांद्यावरच्या गणकावर बसला. गणक म्हणजे माझे ठोके मोजणारी लहानशी डबी. तिची काच फुटली, आतले आकडे तेवढे शाबूत राहिले. "खाल्लंस! खाल्लंस त्याला, कैदाशिणी!" ती ओरडत होती आणि घाव घालत होती. मार, असे मी मनात म्हणत होते. मार, माझी तेवढीच लायकी आहे. चार जणांनी तिला धरले तेव्हा घण गळून पडला आणि ती माझ्या पायाशी बसली. मग अगदी हळू, मलाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलली.

"मीच शिकवलं त्याला."

दोन दिवसांनी मालकांनी तिला बोलावले. त्यांची काचेची खोली माझ्या समोरच होती आणि तिचे दार कधी नीट लागत नसे. बिजागऱ्यांच्या कारखान्याच्या मालकाचे दार! त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिले होते की अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. त्यावर साक्षीदार म्हणून अक्काची सही हवी होती. ती सही झाली की धाकट्याला ना भरपाई मिळणार होती, ना पुन्हा काम.

"सख्ख्या बहिणीनं सही केली की कोणी शंका घेत नाही," मालक म्हणाले. "तुझं काम शाबूत राहील. आठ दिवस घे. विचार कर."

अक्काने कागद घडी करून खिशात घातला. इकडे आड, तिकडे विहीर. सही केली तर भाऊ निष्काळजी ठरत होता. खरे सांगितले तर पट्ट्या पुन्हा ठोकण्याची चोरी उघडी पडत होती, आणि ती शिकवणारी ती स्वतः होती. ती कामावर येत राहिली. पण त्या दिवसापासून तिने एकही पट्टी पुन्हा ठोकली नाही. खराब निघाली की टोपलीत, सगळ्यांसमोर. धाकट्याची पाळीही आता तीच करत होती, तेव्हा साहजिकच माळ रोज तिच्या गळ्यात पडू लागली. ती माळ घालून जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्यासमोर बसायची. मानेवरची जखम सुकायच्या आत पुन्हा उघडायची. आता कोणी थट्टा करत नसे.

परत आलेल्या खोक्यांपायी मालकांनी एक माणूस बोलावला. कारखान्यात वाया काय जाते आणि एकसारखा माल का निघत नाही, हे शोधणे हा त्याचा धंदा होता. बुटका, चष्म्याला दोरी बांधलेला, हातात घड्याळ आणि फळीला लावलेला कागद. कामगारांनी तासाभरात त्याचे बारसे केले: मोजमापे.

पहिले दोन दिवस मोजमापे नुसता उभा राहिला. "साहेब, बसा की, पायाच्या काड्या होतील," कोणीतरी म्हणाले. "बसलो की दिसत नाही," तो म्हणाला. मुकादम त्याच्या मागे मागे होताच. "वाया काय जातं ते मी सांगतो, साहेब. यांचे पगार!" मोजमापेने तेही लिहून घेतले. अक्काच्या मानेकडे पाहिले, माळेकडे पाहिले आणि तेही लिहून घेतले.

तिसऱ्या दिवशी त्याने फडके मागितले आणि माझ्या गणकावरची धूळ आणि काचेचे तुकडे पुसले. किती वर्षांनी माझ्या अंगाला फडके लागले! त्याने आकडा वाचला. मग मुकादमाची वही मागवली आणि सगळ्यांना माझ्याभोवती गोळा केले. मालकही आले.

"पाच महिन्यांपूर्वी पंचांना धार लावली, तेव्हाचा आकडा या वहीत आहे," तो म्हणाला. "तेव्हापासून या यंत्रानं दोन लाख सोळा हजार ठोके मारलेत. पट्ट्या निघाल्या, नीट आणि खराब धरून, दोन लाख दहा हजार. एका पट्टीला एक ठोका. मी उभा आहे त्या दिवसांत दोन्ही आकडे बरोब्बर जुळतात. मग आधीचे हे सहा हजार ठोके कुणाला मारले?"

 माझ्या जीभ नसलेल्या तोंडाने अखेर काहीतरी सांगितले होते.

"मी सांगते," अक्का म्हणाली. ती उभी राहिली तशी माळ खणखणली. "खराब पट्टीला परत ठोकायचे आम्ही. बोटांनी धरून. मी वर्षभर केलं. धाकट्याला मी शिकवलं. ही माळ त्याच्या गळ्यात बघवेना म्हणून शिकवलं. बोटं हिनं घेतली, पण ती हिच्या तोंडात घातली मी."

"ऐकलंत?" मुकादम कडाडला. "म्हणजे हात वाकडे ते वाकडे, वर चोरी! भाऊ तसा, बहीण तशी!" त्याने हात उगारला.

"मुकादम," मोजमापे शांतपणे म्हणाला, "तुमचे हात सरळ आहेत ना?"

"नऊ वर्षं चालवलीय मी हिला! एक पट्टी खराब गेली असेल तर नाव बदलेन."

"मग बसा. शंभर पट्ट्या काढा. आम्ही बघतो."

मुकादम बाह्या सरसावून बसला. किती वर्षांनी तो माझ्यासमोर बसला होता! हात खरोखर तयारीचे होते, हे मीच सांगू शकते. पट्टी ठेवणे, टेकवणे, ठोका, काढणे. दहा नीट निघाल्या. मुकादमाने मिशीवरून हात फिरवला. मग लागोपाठ दोन वाकड्या निघाल्या. तो थबकला. पुढे सात नीट, एक वाकडी. त्याच्या कपाळावर घाम आला. मोजमापे प्रत्येक पट्टी उजेडात धरून दोन ढिगांत ठेवत होता. शंभर झाल्या तेव्हा खराब ढिगात चौदा होत्या. अक्काच्या होत तेवढ्याच. धाकट्याच्या होत तेवढ्याच.

 मग मागून कोणीतरी म्हणाले, "मुकादम, माळ आत्ताच आणू की जेवण झाल्यावर?"

आणि सगळे हसले. मार खाल्लेली माणसे हसतात तसे, दात दाखवून. ते हसणे मुकादमाला सोसवले नाही. त्याचे तोंड लालबुंद झाले. "थांबा! होतंय नीट, थांबा!" म्हणत त्याने खराब ढिगातली एक पट्टी उचलली, चिमटा फेकला आणि ती पट्टी बोटांनी धरून माझ्या जबड्यात घातली. नजर हसणाऱ्यांकडे होती. पाय पॅडलवर होता.

मला थांबता येत नाही, मित्रांनो. पॅडल दाबले की मी पडतेच.

अक्काने झडप घातली. तिने एका हाताने त्याची कॉलर धरली, दुसऱ्या हाताने केस, आणि होते नव्हते ते सगळे बळ लावून त्याला मागे खेचले. स्टूल उडाले. त्याच्या बुटाने पॅडल दाबले गेले आणि मी कोसळले. धाड्! सुटी पट्टी चिरडून दुभंगली, तिचा एक तुकडा सणसणत जाऊन लाकडी खांबात रुतला. मुकादम पाठीवर आदळला, ओठ फाटला, तोंडातून रक्त आले. माळेची तार तुटून पट्ट्या त्याच्या अंगावर सांडल्या. अक्का त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसली होती. तिने मूठ वळली होती. मला वाटले, आता ही याचा जीव घेणार. बहुधा तिलाही तसेच वाटले असेल. 

मग तिने मूठ सोडली आणि त्याचाच उजवा हात धरून त्याच्या डोळ्यांसमोर आणला.

"मोजा," ती म्हणाली. "पाच आहेत का? मोजा मोठ्यानं! माझ्या भावाची दोन उरलीत."

मुकादम मोजत नव्हता. रडत होता.

अक्का उठली. खिशातून कागद काढून तिने मालकांसमोर धरला. "त्यानं जे केलं ते यांनी एका तासात केलं. तेही शिक्षेच्या भीतीनं नाही, नुसत्या चार माणसांच्या हसण्यानं. मग निष्काळजी कोण? या कागदावर भावाचं नाव खोडून मुकादमाचं घाला. मी आत्ता सही करते."

मालकांनी कागद घेतला. खांबात रुतलेल्या तुकड्याकडे पाहिले. मग त्यांनी तो कागद फाडला आणि तुकडे कुठे टाकावे ते न सुचून स्वतःच्या खिशात घातले.

त्यानंतर मोजमापेने माझी मोटार बंद केली, एक आरसा आणि दिवा घेऊन माझ्या जबड्यात डोकावला आणि म्हणाला, "ही बघा." पट्टी जिला टेकवायची ती खुंटी. करंगळीच्या पेराएवढी. एका बाजूने ती नखाच्या कडेइतकी झिजून उतरती झाली होती. पट्टी कधी तिला नीट टेके, कधी त्या उतारावरून घसरे. स्वतःच्या तोंडातला किडका दात स्वतःला दिसत नाही, मित्रांनो. मलाही तेव्हाच कळले. ज्या पट्ट्यांपायी इतक्या माना सोलल्या, एक भुवई फुटली, तीन बोटे गेली, त्यांचा दोष माझ्याच अंगात होता. नवी खुंटी बसवायला अर्धा तास लागला. पुढच्या आठवड्यात, सगळ्यांचे मिळून, सहा पट्ट्या खराब निघाल्या.

माझे पॅडल काढून टाकले. त्याजागी दोन बटणे आली, दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय मी हलायचीच नाही. ओठ शिवून आलेल्या मुकादमाने सांडलेल्या पट्ट्या स्वतः गोळा करून भंगारात घातल्या. धाकट्याला भरपाई मिळाली आणि तीन महिन्यांनी तो कामावर आला. रोज सकाळी उरलेल्या दोन बोटांनी तो माझी खुंटी मोजायचा आणि वहीत लिहायचा. तो मला कधी काही बोलला नाही. फडक्याने पुसताना मात्र त्याचा हात जबड्याच्या कडेशी येऊन थांबायचा, आणि मी थंडगार लोखंड, तरी मला वाटायचे की आपण कापतो आहोत.

पुढे पुष्कळ वर्षे मी काम केले. त्यांतली एक सकाळ सांगते आणि पुरे करते. दुसऱ्या कारखान्यातून एक पन्नाशीचा कामगार आमच्याकडे आला होता. अबोल, दणकट, हाताला घट्टे पडलेला. चौथ्या दिवशी त्याच्या हातून एक पट्टी वाकडी निघाली. त्याने ती चटकन मुठीत लपवली. शेजारच्या टेबलावरून अक्काने पाहिले. ती तेव्हा मुकादम झाली होती, केस पिकले होते. ती त्याच्याकडे चालत आली आणि त्या धिप्पाड माणसाने कोपर वर करून आपला चेहरा झाकला. सवयीने. कुठल्या कारखान्यातून, किती वर्षांची ती सवय घेऊन आला होता, देव जाणे.

अक्का उभीच राहिली. 

"दादा, हात खाली करा," ती म्हणाली. "इथं कोणी मारत नाही. ती पट्टी द्या."

त्याने मूठ उघडली. कडेने त्याचा तळवा कापला होता.

"अहो, हिला लपवायचं नाही. यंत्राचं काहीतरी दुखतंय, ते सांगायला आलीय ही. हिचं ऐकलं नाही ना, तर पुढचं ऐकवत नाही." आणि तिने हाक मारली, "सगळ्यांनी हातातलं ठेवा. इकडे या. एक खराब निघालीय, बघू या का निघाली."

बारा माणसे माझ्याभोवती जमली. धाकटा आरसा आणि दिवा घेऊन आला. नवा कामगार कोपर अर्धवट खाली करून, एकेकाच्या तोंडाकडे बघत उभा होता. त्याला वाटत होते, आता कोणीतरी मारेल. कोणी मारले नाही.

मित्रांनो, मी आयुष्यभर मारण्याचेच काम केले, म्हणून मला बोलायचा अधिकार आहे. घरात, शाळेत, पुढे तुमच्या कामाच्या ठिकाणी काही बिघडले, तर आधी हात उचलू नका. कुणाचा दोष, हे विचारण्याआधी दिवा घेऊन आत डोकवा. आणि तुमच्या हातून काही बिघडले तर मूठ उघडा. लोखंडाला ठोकून आकार येतो, हे खरे. माणसाला ठोकले तर तो फक्त लपवायला शिकतो.